प्लंबरभाऊंची गर्जना

प्लंबरभाऊ हौशी मंडळींच्या रॉक ऑपेरात गर्दीचं काम करत. पहिल्या अंकात नायकाला डोक्यावर घ्यायचं, दुसऱ्यात ‘खाली उतर!’ म्हणून ओरडायचं. आपणही मतं देऊन हेच करतो, असं ते स्वतःच हसून सांगत.

त्यांच्या गल्लीत कित्येक दिवस पाणी नव्हतं, आणि त्या दिवशीच्या प्रयोगाला गल्लीचे नगरसेवक पहिल्याच रांगेत! ‘आज तोंडावर सुनावतो,’ असं भाऊ बायकोला बजावून आले होते. दुसऱ्या अंकात त्यांनी नायकाकडे पाठ फिरवली आणि थेट नगरसेवकांवर गरजले, “खाली उतर! पाणी कुठंय?” गिटारवालाही थबकला.

प्रयोग संपल्यावर नगरसेवक टाळ्या पिटत रंगपटात आले. “वा, भाऊ! काय अभिनय! काय आवाज!”

घरी बायकोने विचारलं, “सुनावलंत?”

“चांगलंच.”

“मग?”

“रविवारपासून त्यांच्या प्रचाराच्या गाडीवर माईक माझ्याकडे आहे.”