कोंडवेळच्या पाच वाड्या

मरोळच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यातल्या बायकांना कोंडवेळ न बघताच पाठ झालं होतं. ते सगळं सुगंधाचं कर्तृत्व. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरताना तिचे हात चालत आणि हातांच्या दुप्पट वेगानं जीभ चाले. कोंडवेळ म्हणजे एक गाव नव्हेच, ती सांगायची, समुद्राकाठच्या पाच वाड्या. बंदरावर खारवीवाडा, तिथे होड्या लागल्या की मासळी पाटीत पडायच्या आधीच भाव ठरतो. मोहल्ल्यातल्या वाफवलेल्या गोड सांदणांना तोड नाही. ब्राह्मणआळीत पाटाचं पाणी प्रत्येकाच्या परसातून जातं आणि त्यावरून प्रत्येकाचं शेजाऱ्याशी भांडण असतं. देऊळवाडीत ग्रामदेवी. आणि माडांच्या राईत भंडारवाडी, म्हणजे सुगंधाचं माहेर. पाचही वाड्यांचं बोलणं वेगळं, आमटी वेगळी, आणि प्रत्येकीला बाकीच्या चार म्हणजे गावंढळ वाटणार.

"तुझ्या दादाला सांग, आम्ही सगळ्याजणी येतो राहायला," प्रेमा म्हणायची. ती सुगंधाच्या शेजारी बसायची आणि तिची जिवाभावाची मैत्रीण होती.

"ये की! माझा दादा नाही म्हणणाऱ्यातला नाही," सुगंधा म्हणायची, आणि तेव्हा ते तिला अगदी खरं वाटायचं.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, श्यामसुंदर. आईवडील गेल्यावर कोंडवेळचं घर त्याच्याकडे होतं. त्र्याऐंशी सालच्या भाऊबीजेला तो मरोळच्या खोलीवर आला तो साडी आणि हक्कसोडाचा कागद घेऊन. माहेरच्या घरावरचा बहिणीचा वाटा सोडायचा तो कागद. संपात दशरथची, म्हणजे सुगंधाच्या नवऱ्याची, गिरणी सुटली होती. सांताक्रूझला एका गोदामावर राखणदारी लागली होती, पण घर कसंबसं चालत होतं. दशरथ एवढंच म्हणाला, "वाचून तरी घे." सुगंधाला त्याचाच राग आला. बहिणीनं वाटा मागितला की माहेरचा उंबरा तुटतो, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. सही केली की उंबरा राहतो. आमच्याकडच्या बायका हा हिशोब पिढ्यान् पिढ्या असाच मांडत आल्या आहेत, आणि तो चुकतो हे कळूनही पुन्हा तसाच मांडतात. तिनं दादाला पुरणपोळी वाढली, ओवाळलं, दुसऱ्या दिवशी कचेरीत उभी राहून सह्या केल्या. "येणं-जाणं असू दे दादा, मला दुसरं काही नको," ती म्हणाली. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पाणी ती पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली.

पुढच्या मे महिन्यात ती निघायच्या तयारीत असताना दादाचं पत्र आलं. वादळात माजघरावरचं छप्पर बसलं. आम्हीच पडवीत निजतो. पोरीला घेऊन येऊ नकोस, हाल होतील. घर उभं राहिलं की पहिलं बोलावणं तुला. त्याच्या पुढच्या मे महिन्यात तेच पत्र, फक्त छपराच्या जोडीला भिंत. सुगंधा आपल्या कोसळलेल्या माहेरासाठी रडली, देवीला नवस बोलली. तिची मुलगी मीरा बारा वर्षांची झाली, पण अगदी लहानपणी पाहिलेलं आजोळ तिला नीटसं आठवत नव्हतं.

शहाऐंशी साली कारखान्याच्या वेलफेअर क्लबात उन्हाळी सहलीचा विषय निघाला. दरवर्षी महाबळेश्वर नाहीतर शिर्डी. या वेळी पॅकिंग खातं एका सुरात ओरडलं, "कोंडवेळ!" क्लबाचं काम बघणारा कारकून नंदकिशोर सुगंधाकडे वळला. "बाई, पाच दिवसांचा कार्यक्रम तुम्हीच आखून द्या. राहायची सोय मी बघतो. गाडी ठरवतो. तुम्ही आणि मीरा तर पाहिजेच."

सुगंधाला आभाळ ठेंगणं झालं. रोज जेवणाच्या सुट्टीत ती फुलस्केप कागद पुढे घेऊन बसायची. पहिल्या दिवशी देऊळवाडी, कारण देवीला सांगितल्याशिवाय गावात हिंडायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे खारवीवाडा, पण भाव करायला प्रेमानं तोंड उघडायचं नाही, मुंबईची बाई ओळखतात. मोहल्ल्यात जेवणाचा निरोप आदल्या दिवशी द्यायचा. चौथ्या दिवशी सकाळ ब्राह्मणआळीत. दुपार तिनं मोकळी सोडली आणि समोर फक्त 'भंडारवाडी' लिहिलं. त्या दुपारी ती मीराला घेऊन जाणार होती. पडकं तर पडकं, पोरीला आजोळची जमीन दाखवायची, आईच्या तुळशीला पाणी घालायचं. आणि दारात बघून दादा "आत ये" म्हणाला, तर तेवढ्यावर पुढची दहा वर्षं काढता आली असती. तिला हवं होतं ते एवढंच.

नंदकिशोर एका रविवारला जोडून रजा टाकून जागा बघून आला. पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं धुऊन आणलेले फोटो बायकांपुढे टाकले. "झकास जागा मिळाली! 'सागर निवास'. घरगुती जेवण, सहा खोल्या, मागे माडांची बाग. मालक-मालकीण फार गोड माणसं. यंदाचा तिसरा मोसम आहे म्हणाले."

फोटो हातोहात फिरत सुगंधाकडे आला. नवी लालभडक कौलं. पडवीत ओळीनं लोखंडी खाटा. अंगणात आईची तुळस. आणि दारात ताट घेऊन हसत उभी असलेली वहिनी. ताटात पितळेचा कुंकवाचा करंडा, झाकणावर पोपट असलेला. छपराखाली चिरडला म्हणून दादानं पत्रात कळवलेला, तोच.

"काय गं, ओळखीचं घर आहे का?" प्रेमानं विचारलं.

"नाही गं. गावात सगळी घरं अशीच," सुगंधा म्हणाली.

तिनं डबा बंद केला आणि संडासात जाऊन पदराचा बोळा तोंडात धरून रडली. दादानं घराची खानावळ केली याचं तिला दुःख नव्हतं. करू दे, त्याचाही संसार आहे. पण तीन वर्षं तो परक्यांना गाद्या घालत होता आणि सख्ख्या बहिणीला पडलेलं छप्पर सांगत होता. तिच्या सहीवर खोल्या उठल्या आणि त्यातली एक खोली, एक चटई तिच्यासाठी नव्हती. तो चक्क खोटं लिहीत होता, वर्षामागून वर्ष, तिनं ओवाळलेला तिचा भाऊ.

हे तिनं खात्यात कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? इतकी वर्षं दादाचे गोडवे गायलेले. माहेरची अब्रू चारचौघींत काढायची नाही, हेही तिच्या अंगात भिनलेलं. त्या माणसानं तिची काय अब्रू ठेवली होती, हा प्रश्न तिला पडला नाही; दशरथला पडला. "मी जातो आणि जाब विचारतो," तो म्हणाला. तिनं त्याला शपथ घातली. दशरथच्या तब्येतीचं निमित्त सांगून तिनं यादीतून आपलं आणि मीराचं नाव काढलं. मीरा दोन दिवस जेवली नाही.

कार्यक्रमाचा कागद मात्र सुगंधानं पुरा केला. चांगल्या अक्षरात उतरवून काढला आणि सगळ्यात खाली, मुक्कामाच्या घराच्या सूचनांमध्ये, एक ओळ घातली: 'माळ्यावर जाणाऱ्या जिन्याची तिसरी पायरी सैल आहे. लहान मुलांना जपा.' लहानपणी दादा त्या पायरीवरून पडला होता आणि तिनं त्याला खांद्याचा आधार देत वैद्याकडे नेलं होतं. कागद प्रेमाच्या हातात देऊन ती म्हणाली, "पोचल्यावर हा आधी मालकांना दाखव. जेवणाच्या वेळा ठरवायला बरं पडेल." तिचं अक्षर दादानंच पाटीवर गिरवून घेतलेलं होतं. तो कागद बघेल आणि त्याला कळेल. कळलं की लाज वाटेल, आणि लाज वाटली की चार शब्द धाडेल, असं तिला वाटत होतं. फसवल्या गेलेल्या माणसाची आशाही मोठी चिवट असते. ते पाच दिवस सुगंधानं तिच्यावरच काढले. चारदा तरी तिनं मनातल्या मनात दादाला माफही करून टाकलं.

सहाव्या दिवशी खातं उन्हानं रापून परत आलं. एकच गलका. प्रेमानं पिशवीतून नारळ काढून सुगंधापुढे ठेवला.

"काय माणसं गं तुमच्या गावची! निघताना मालकिणीनं आम्हा सगळ्याजणींच्या ओट्या भरल्या. माहेरवाशिणींसारख्या! नारळ, खण, तांदूळ. हा माझ्या ओटीतला. म्हटलं तुला द्यावा, तुझ्याच गावचा आहे."

"आणि कागद?" सुगंधानं विचारलं. "दाखवलास?"

"पहिल्याच संध्याकाळी. मालक बराच वेळ बघत बसले. ती पायरी खरंच सैल होती गं! मी विचारलं, आमची सुगंधा तुमच्याच गावची, ओळखता का? तर म्हणाले..." प्रेमा हसली, "म्हणाले, नाही हो. पाच वाड्या आहेत गावात, असेल कुठल्यातरी वाडीतली. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही खारवीवाड्यातून येईपर्यंत सुतार बोलावून पायरी बदलून टाकली. किती काळजी घेतात बघ!"

समोरच्या पट्ट्या सुगंधानं दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा चुकल्या. मग तिनं तो नारळ उचलला, हातात तोलला आणि प्रेमाच्या पिशवीत परत ठेवला.

"ओटीतला नारळ दुसरीला देत नाहीत, प्रेमा," ती म्हणाली. "तुझी ओटी भरली आहे. तू घरी ने."

प्रेमानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू मावळलं. "सुगंधा, काय झालं गं? ते घर भंडारवाडीतलंच... तूही तिथलीच ना?"

"मरोळची," सुगंधा म्हणाली, आणि पुढचं खोकं ओढून भरायला लागली.