जीवखडा मी बघितलाच नव्हता

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सगळी उमर बदलापूरच्या पुढे दगडाच्या खदानीत गेली. सुरुंग उडाला की खाली पडलेला माल बघायचा, घट्ट काळा दगड क्रशरला लावायचा, भोकांचा आणि ठिसूळ बाजूला काढायचा, हे माझं काम. दगडावर पाणी मारायचं आणि उन्हात तिरपा धरायचा. मग काळ्यात पांढऱ्या काड्या चमकतात. कुठे वाटाण्याएवढी भोकं असतात, त्यात पांढरं नाहीतर हिरवट भरलेलं. कधी पोकळी फुटली की आत सुया, बोटाला टोचणाऱ्या.

वर्षातून एकदा कॉलेजची पोरं बघायला यायची. त्यांचे सर सांगायचे ते मला पाठ झालं होतं. हा सगळा दगड कधीकाळी तापलेला रस होता. जिथे पटकन निवला तिथे दाणा डोळ्याला दिसत नाही, जिथे सावकाश निवला तिथे काड्या वाढल्या. भोकं म्हणजे आत अडकलेला वायू. सरांचं झालं की मी पुढे व्हायचो आणि पोरांना सांगायचो, एकदा बघितलेला दगड मी विसरत नाही.

बायको तिथेच घमेली वाहायची. ती ऐकून हसायची. कारण एकदा उल्हासनगरला, कॅम्प एकच्या बाजारात ती नवी साडी नेसून समोरून आली आणि मी तिच्याकडे न बघता पुढे निघून गेलो होतो. ही गोष्ट तिने माहेरी सांगितली, शेजारी सांगितली, सून आल्यावर तिलाही सांगितली. "ह्यांना दगड ओळखू येतो, बायको नाही."

ती यंदा वारली. अंबरनाथला, मुलाच्या घरी. जास्त आजारीही नव्हती.

स्मशानात मुलाच्या खांद्यावर पाण्याचं मडकं दिलं. त्याला भोक पाडायला दगड लागतो. तो मग दहा दिवस जपायचा, त्याला पाणी घालायचं, दहाव्याला नदीत सोडायचा. जीवखडा म्हणतात त्याला. गेलेल्या माणसाचा जीव तेवढे दिवस त्यात असतो, असं आम्ही मानतो. भावकीतले म्हणाले, दगड तुम्हीच घ्या, तुमच्याइतकं कुणाला कळतं. मी वाकलो, पायाशी होता तो उचलला आणि दिला. बघितला नाही.

जीवखडा घरात घेत नाहीत. म्हणून मातीच्या परळात घालून तो कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला. सून रोज तिथे दिवा लावायची. भिंतीखाली खडीचा ढीग पडला होता, पार्किंगला काँक्रीट करायचं होतं म्हणून.

आठव्या दिवशी सकाळी गेलो तर परळ खाली फुटलेला. मांजराने पाडला की कुणाचा धक्का लागला, देवाला माहीत. दगड खडीत मिसळलेला. मुलगा दहाव्याच्या तयारीला गेला होता. मी कुणाला सांगितलं नाही. बादली घेतली आणि परळ फुटला तिथला एकेक दगड धुऊन बघत बसलो. हा बारीक दाण्याचा. हा भोकांचा, क्रशरवाल्याने घ्यायलाच नको होता. एक आमच्या खदानीच्या वरच्या थरातला निघाला, लांब काड्यांचा, हिरवा ठिपका असलेला. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. पण हा इतक्या लांब स्मशानात कसा असेल, म्हणून परत टाकला. दुपारपर्यंत सगळे ओळखले. कुठला, कसा निवलेला, सगळं सांगितलं असतं. जो हवा होता तो कसा दिसतो हेच मला ठाऊक नव्हतं.

कामगार खोळंबले होते. शेवटी एक घट्ट काळा, बिनभोकाचा दगड घेतला आणि नव्या परळात ठेवला. दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडलं.

दहाव्याला उल्हास नदीवर सगळे जमले. भटजींनी दगड पुढे घ्यायला सांगितला. सून मागून हळूच म्हणाली, "बाबा, हा तो नाही."

मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तोच आहे. मला दगड शिकवू नकोस."

भावकीतलं कुणीतरी हसलं, खदानवाल्याला दगड दाखवते म्हणून. पोरीचं तोंड उतरलं. दगड पाण्यात गेला. कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, बाई समाधानाने गेली. माझी मान वर होईना.

तीन महिने मी त्या पार्किंगवरून येजा करतोय. गाड्या लागतात, पोरं क्रिकेट खेळतात, गाड्या धुतल्याचं पाणी वाहतं. काल सून दारात भाजी निवडत होती. तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. खोटं मी बोललो, हसणं तुझ्या वाट्याला आलं, हेही सांगितलं. ती भाजी निवडत राहिली.

मग मी विचारलं, "कसा होता गं तो?"

ती लगेच म्हणाली, "लिंबाएवढा. एका बाजूने सपाट. आत पांढऱ्या काड्या, आगपेटी सांडल्यासारख्या. आणि एक हिरवा ठिपका. रोज दिवा लावताना बघायचे ना."

आमच्याच खदानीतला. वरच्या थरातला. त्या थराखाली बायकोने किती वर्षं घमेली भरली. ती खडी कधी कुठल्या गाडीने स्मशानापर्यंत गेली असेल कोण जाणे.

"तुम्हाला नव्हता का सापडला?" सुनेने विचारलं.

"सापडला होता," मी म्हणालो. "हातात घेतला होता. टाकून दिला."