करंदीकरांचा अंगठा

वर्तकनगरात वासंतीबाई करंदीकरांकडे जुनं नाणं घेऊन जाणाऱ्याला आधी बोलणी खावी लागतात, मग चहा मिळतो. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घरातला राणीछाप रुपया चिंचेने आणि रांगोळीने घासणारी माणसं त्यांच्या डोक्यात जातात. रुपया लखलखतो खरा, पण राणीचं नाक जातं, केस जातात, आणि करायला गेले गणपती नि झाला मारुती अशी गत होते. वासंतीबाई काही म्हणजे काही घासत नाहीत. मातकट नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवतात, पाणी बदलत राहतात. तांब्यावरचा हिरवा कळंक भिंगाखाली बाभळीच्या काट्याने कण कण उचलतात. तेलकटपणा असेल तर खिडकी सताड उघडून, देवापुढचं निरांजन विझल्याची खात्री करून, नाणं ॲसिटोनमध्ये बुडवतात. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेली काळसर झाक मात्र तशीच राहू देतात.

हे सगळं त्यांच्या यजमानांचं, बाळ करंदीकरांचं शास्त्र. डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिस्ट म्हणून जन्म काढलेला हा माणूस नाकावर माशी बसू देत नसे. नाणं धरायचं ते कडेला, दोन बोटांत. वरच्या चेहऱ्याला बोट टेकलं की संपलं. घामातलं मीठ चांदीला लागतं, तेव्हा दिसतही नाही, आणि वर्ष-दोन वर्षांनी त्या जागी तपकिरी ठसा वर येतो. एकदा तो चांदीत उतरला की देवबाप्पा आला तरी निघत नाही. पाहुण्याने नुसतं बोट पुढे केलं तरी करंदीकर ओरडायचे. बायकोला तर उभ्या संसारात त्यांनी नाणं धुवायला दिलं नाही. तुझा हात जड आहे, म्हणायचे.

शेवटी शेवटी मात्र स्वारी बदलली. "तू कर, मी बघतो," असं म्हणायला लागली. वासंतीबाई जीव ओतून काम करायच्या आणि संध्याकाळी नाणं त्यांच्या टेबलावर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी करंदीकर म्हणायचे, "छान आलंय." आयुष्यभर ज्या शब्दासाठी बाई झुरल्या तो असा म्हातारपणी रोज मिळायला लागला. ते गेल्यावरही लोक नाणी घेऊन येत राहिले, आणि त्या एका शब्दाच्या जोरावर बाईंनी कुणाला नाही म्हटलं नाही.

करंदीकर गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी कपाटातल्या घरच्या नाण्यांवर ठसे दिसायला लागले. पहिला दिसला एका रुपयावर, बरोबर राजाच्या गालावर. बाईंनी कामाला येणाऱ्या शालनला फैलावर घेतलं. ती बिचारी म्हणाली, मी त्या कपाटाचा नुसता केर काढते, दार कधी उघडलेलं नाही. बाईंनी कुलूप घातलं, किल्ली उशीखाली ठेवली. मग दुसऱ्या रुपयावर ठसा आला. मग एका तांब्याच्या शिवराईवर. बंद कपाटात, कुलपाच्या आत, कुणीतरी सवडीने एकेक नाणं हाताळत होतं.

आपणच झोपेत चालतो की काय, ही पाल बाईंच्या मनात चुकचुकली. त्यांनी शाईच्या पॅडवर स्वतःचा अंगठा टेकवून कागदावर उमटवला आणि भिंगाखाली ताडून पाहिला. तो त्यांचा नव्हता. हुश्श म्हणायला जाणार तेवढ्यात ठशातून तिरकी गेलेली कोरी रेघ त्यांना दिसली. लॅबमधली काचेची नळी फुटून करंदीकरांचा उजवा अंगठा असाच तिरका फाटला होता. त्याची पट्टी रोज बाईंनीच बदलली होती.

बाई कपाट लावून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मग शिकलेलं सगळं हळूहळू आठवलं. ठसा उशिरा वर येतो. म्हणजे हे आजचं नाही, करंदीकरांनीच जिवंतपणी बोट लावलं असणार. पण या उत्तराने त्यांना धीर येईना. ज्याने दुसऱ्याचं बोट सहन केलं नाही, त्याने असं का करावं? आणि सगळे ठसे बाईंनी साफ केलेल्या नाण्यांवरच होते. नुसते टेकलेलेही नव्हते, रुपयांवर कानापासून नाकापर्यंत आणि शिवराईवर अक्षरांवरून सरकलेले होते.

डोंबिवलीला राहणाऱ्या मुलीला, नीरजाला, त्यांनी फोन केला. ठशांचं सगळं सांगितलं.

"आई, बाबांना शेवटी शेवटी दिसतच नव्हतं. साखरेने डोळे गेले होते. घरात सवयीने वावरायचे, म्हणून तुला कळलं नाही. मीच न्यायचे त्यांना इथल्या डॉक्टरांकडे."

"मला का नाही सांगितलं?"

"नको म्हणाले. म्हणाले, तिला कळलं तर ती काम सोडून देईल. तपासायला कुणी नाही, असं वाटेल तिला."

बाईंना आधी राग आला. आपल्या हातावर विश्वास बसला म्हणून काम मिळालं नव्हतं तर, त्यांचे डोळे गेले म्हणून मिळालं होतं. आणि ते "छान आलंय"? आंधळ्याची शाबासकी घेऊन आपण लोकांची वाडवडलांची नाणी हातात घेतो आहोत, या विचाराने त्यांना लाज वाटली. पण ठसे तर समोर होते. तो माणूस स्वतःचा नेम मोडून प्रत्येक नाणं अंगठ्याने वाचत होता, आणि मगच बोलत होता. बाई खूप रडल्या. तरी मन खाईच, की अंगठ्याला असं कितीसं कळतं? त्यांनी ठसे ॲसिटोनने काढून पाहिले. एकही निघाला नाही.

आता काम बंद करायचं असं त्यांनी ठरवलं. फक्त शिळफाट्याजवळच्या गावातल्या रंगूबाईचा रुपया राहिला होता. "घासू नको गो बाय, सासूचे हाताचा हाय," असं सांगून तिने तो मागच्याच महिन्यात दिला होता. करंदीकरांच्या हयातीत तो या घरात आलेलाच नव्हता. बाईंनी त्यावरची माती काढली होती आणि परत करण्यासाठी कपाटात ठेवला होता.

रंगूबाई यायच्या दिवशी सकाळी बाईंनी तो कडेला धरून खिडकीच्या उजेडात तिरका केला. राणीच्या गालावर ओलसर, तेलकट ठसा होता, कानापासून नाकाकडे सरकलेला. मधून तिरकी रेघ.

नाणं दुसऱ्याचं. बाईंनी ते ॲसिटोनमध्ये धरलं. ठसा पहिल्याच बुडीत निघाला. ताजा ठसा असाच निघतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की त्याचीच त्यांना भीती वाटली. रंगूबाईला त्यांनी रुपया दिला, चहा दिला, आणि गावात आणखी कुणाकडे असेल तर पाठव म्हणून सांगितलं.

त्या दिवशी झोपायला जाताना बाईंनी नुकतीच साफ केलेली एक शिवराई कपाटात न ठेवता टेबलावर उघडी ठेवली. ठसा सकाळी धुऊन टाकता येईल. दिवा मात्र त्यांनी मालवला. करंदीकरांना त्याचा काही उपयोग नव्हता.