हौसाकाकीच्या वालाच्या पुरचुंड्या
निडी गावात भात कापून झालं की हौसाकाकीच्या ओटीवर ओल्या फडक्यांच्या पुरचुंड्या लागायच्या. ज्याने त्याने आपल्या बियाण्यातले मूठभर वाल आणून द्यायचे. काकी ते भिजवून बांधायची, तिसऱ्या दिवशी मोड मोजायची आणि कोणाचं बियाणं कसं उगवेल ते सांगायची. आजूबाजूच्या गावांतूनही माणसं यायची, त्यामुळे यंदा कोण किती पेरणार हे तिला बसल्या जागी कळायचं. मग पुढचा भावही सांगून टाकायची. आणि बाई बोलायची अशी ठासून, की उलट विचारायची कोणाची छाती नव्हती.

दोन वर्षांपूर्वी ओटी भरून पुरचुंड्या आल्या. काकी म्हणाली, "यंदा वाल उदंड व्हनार, भाव पडनार. पेरू नका."

शेजारच्या सखाने कुंपणापाशी बाईक थांबवून पुन्हा विचारलं, "काकी, नक्की नको ना?"

"नको म्हनलं ना एकदा."

सखाने शेत पडीक ठेवलं आणि डोलवीकडे कंपनीत कंत्राटी कामाला लागला. महिन्याभरातच सकाळच्या शिफ्टला जाताना बाईक घसरली आणि सखा गेला.

आणि वाल? सगळ्यांनीच काकीचं ऐकलं, कोणी पेरलेच नाहीत. शिमग्याला रोह्याच्या बाजारात बाहेरून जे थोडे वाल आले, ते मागाल त्या भावाने गेले.

काकीला कोणी बोल लावला नाही, तेच तिला सोसवेना. तिने पुरचुंड्या घेणं बंद केलं. पण रोज सकाळी भांडी घासताना कुंपणापाशी बाईक थांबते. तिथे कोणी नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती मान वर करत नाही. "नक्की नको ना?" एवढं मात्र ऐकू येतंच.

यंदा सखाची बायको दिशा आली. पदरात वाल होते, सखाने राखेत घोळवून ठेवलेले.

"काकी, कंपनीत साफसफाईचं काम हाय. आयतवारी हो-नाय सांगायचंय. तुम्ही पेर म्हनलात तर नाय जायची."

काकीला नाही म्हणवेना. तिसऱ्या दिवशी दिशासमोर फडकं सोडलं, तर जवळजवळ सगळ्याच वालांना मोड.

"मग पेरू? भाव मिळंल?"

सवयीचं ठाम उत्तर काकीच्या तोंडाशी आलं होतं. तिने ते गिळलं.

"उगवतील, गो. भावाचं मला नाय माहीत. त्या वर्षीबी नव्हतं."

दिशाने मोड आलेले वाल पुन्हा फडक्यात बांधले.

"ह्येच त्यांना सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर त्यांनी पेरले असते."

पुरचुंडी उचलून ती शेताच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईक थांबली तेव्हा काकीने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि कुंपणाकडे बघून म्हणाली, "नाय माहीत रे, सखा."