झांज कुठं गेली

"अल्बम यायचाय" असं मी म्हटलं, की आमच्या शहरात ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं फोटोग्राफर उभा राहतो. अल्बम म्हणजे लग्नाचा, जाड पुठ्ठ्याचा, मखमली पेटीतला. मुलीच्या लग्नानंतर एकदा माझी पैठणची मेव्हणी आली होती. चहा पिता पिता मी बायकोला म्हणालो, या शुक्रवारी अल्बम येतोय. मेव्हणी म्हणाली, "लगीन होऊन साल झालं, आन् अल्बम आजून यायचाच हाय व्हय? गुलमंडीच्या त्या फोटोवाल्याला झापा की जरा." मी सांगितलं की हा न्यू यॉर्कचा अल्बम आहे, जॅझचा. तिनं बायकोकडं पाहिलं. बायकोनं 'असू दे' अशी मान हलवली. आमच्या संसारात जॅझची जागा साधारण त्या मान हलवण्याएवढी आहे.

हा नाद मला चिकलठाण्याच्या कंपनीत असताना लागला. यंत्रं बसवायला आलेला एक जर्मन इंजिनिअर जाताना कॅसेटी मागं ठेवून गेला, आणि त्या माझ्या नि शेजारच्या टेबलावरच्या मित्राच्या वाट्याला आल्या. तेव्हापासून आम्ही दोघं ऐकतो. शहरात तिसरा माणूस मिळाला नाही, आम्ही शोधलाही नाही. भांडायला दोघं पुरतात.

निवृत्तीनंतर आमचा मुख्य धंदा म्हणजे वाट पाहणं. कुणाचा अल्बम कधी येतोय, सोबत कोण वाजवतंय, याच्या बातम्या मित्र सकाळच्या फिरण्यात देतो. हल्ली एक वाईट चाल पडली आहे. अल्बम यायच्या आधीच त्यातली दोन-तीन गाणी ऐकायला सोडतात. मुहूर्ताआधीच पंगत बसवल्यासारखं. मी ती न ऐकण्याचा निश्चय करतो आणि त्याच दिवशी ऐकतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोन अल्बमांची वाट पाहत होतो. एक लंडनच्या गायिकेचा, सोल संगीताचा. सोल म्हणजे चर्चमध्ये तयार होऊन बाजारात आलेल्या गळ्यांची गाणी. प्रेमाचं म्हटलं तरी प्रार्थनेसारखं लागतं. दुसरा जॅझचा, पियानो, खर्जात घुमणारा बास आणि ड्रम अशा तिघांचा. त्यातला ड्रमर आमच्याहून म्हातारा. त्याची सिंबल मी तरुणपणापासून ऐकत आलो. सिंबल म्हणजे आपली झांजच, पण स्टँडवर बसवलेली एकच ताटली, काठीनं वाजवायची. बाकीचे तिला बडवतात. हा तिच्यावर काठी नुसती टेकवत जातो, आणि सगळं गाणं तिच्या मागून चालतं.

त्याचं पहिलं गाणं आलं. मी ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि मित्राला फोन लावला.

"म्हाताऱ्यानं झांज सोडली रे," मी म्हणालो. "हात चालत नसणार. उगाच अल्बम काढायचा हट्ट."

मित्र म्हणाला, "अरे, अख्खं गाणं झांजेवरच हाय."

मी त्याला म्हटलं, आधी कान तपासून घे. त्यानं फोन ठेवून दिला.

त्याच आठवड्यात गायिकेचं गाणं आलं. बाई बोबडी गात होती. तिचे 'स' आणि 'फ' कुठंतरी गळून पडले होते. न्यू यॉर्कचा ड्रमर आणि लंडनची बाई दोघं एकाच वेळी बिघडतील, हे काही मला पटेना. मी नोकरी केली ती गुणवत्ता विभागात. दोन वेगळ्या मशीनवरचा माल एकदमच रिजेक्ट निघाला, तर आम्ही आधी मोजायचं साधन तपासायचो.

क्रांती चौकाजवळच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला एका बंद खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी बराच वेळ बटण न दाबता बसलो. मला वाटलं, चाचणी अजून सुरू व्हायची आहे. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, वयाचं आहे, वरचे बारीक आवाज गेलेत, ते परत येत नाहीत. बाकीचं यंत्रावर भागेल. मग सोबत आलेल्या बायकोला विचारलं, तुम्हाला घरी कधी जाणवलं नाही का?

"जाणवलं की," बायको म्हणाली. "सैपाकघरातून कितीबी आवाज द्या, ह्यांना पत्ताच नाय. म्हणून मग मी समोर येऊन बोलू लागले."

मला वाटलं होतं, उतारवयात तिची माया वाढली.

रिक्षात मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तुमी चिडता," ती म्हणाली. "आन् समोर बसून बोलायला बरंबी वाटू लागलं होतं."

मित्राला फोन करून सगळं सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी ओरडून बोलतो. तेही नको वाटतं.

यंत्र आणलं. बायकोचं बोलणं लख्ख ऐकू आलं, रस्त्यावरचे हॉर्न नको इतके आले. झांज आली ती मात्र पत्र्यावर वाळू सांडल्यासारखी. डॉक्टर म्हणाल्या, यंत्र बोलण्यासाठी असतं, गाण्याचं नक्की सांगता येत नाही. मी बरं म्हणालो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. नोकरी संपली, दात गेले, तेव्हा फारसं काही वाटलं नव्हतं. ते सगळ्यांचंच जातं. झांज फक्त माझी होती.

शुक्रवारी त्या तिघांचा अल्बम आला. मी लावला नाही. त्यात झांज आहे हे ठाऊक असणार आणि ती ऐकू येणार नाही, मग लावायचा कशाला? दुपारी बायकोनं विचारलं, "तुमचा अल्बम आला ना? मग कामून लावंना गेलात?"

मी सांगितलं. तिनं हात पुसले, खुर्ची ओढली, मला यंत्र काढायला लावलं आणि इअरफोनचं एक टोक माझ्या कानात, एक आपल्या कानात घातलं. ही बाई आजवर जॅझ लागला की भाजी निवडायला गच्चीवर जायची.

"ते झांजेचं म्हणजे कोणतं? वरचं, बारीक?" तिनं माझ्या दुसऱ्या कानाशी येऊन विचारलं.

"हो."

"हाय की. लई हाय."

तिनं माझा हात उलटा करून मांडीवर घेतला आणि तळहातावर बोटानं वाजवू लागली. आधी ठोका चुकत होता, मग बसला. पियानो आणि बास मला ऐकू येत होते, वरचं तिच्या बोटातून कळत होतं. छान वाटत होतं, पण लगेच कबूल करायचा माझा स्वभाव नाही. मी म्हटलं, जरा हळू.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर तिचं बोट थांबलं. पियानो चालूच होता. कंटाळली असणार. माझं दुखणं तिनं तरी किती वेळ बोटावर घ्यायचं?

"का थांबलीस?"

"मी नाय," ती म्हणाली. "त्योच थांबलाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी महिन्यांनी, तिथं जेवढं वाजत होतं तेवढं सगळं मला ऐकू येत होतं.