शेळीची लस

प्रगतीच्या तोंडाला लागायचं नाही, हे वरकुट्यात पोरासोरांनाही ठाऊक. ती गावची पशुसखी. दारोदार जनावरांना लस टोचत फिरते अन् गोठ्यात घाण दिसली की मालकाला तिथंच झापते. गाईगुरांत लम्पीची साथ आली तेव्हा तिनं गावातल्या दोनशे गाई टोचल्या. राहिली ती फक्त घरची गाय, चांदी.

का? तर सासरे! साहेबरावतात्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं अन् दावणीपुढं आडवे झाले. "शेरडाच्या देवीची लस माझ्या गाईला? याड लागलं का तुला?"

"तात्या, शेळीची देवी अन् गाईची लम्पी, दोन्ही रोगांचे विषाणू एकाच भावकीतले हायती. मूळपुरुष एक, म्हणून शेळीची लस गाईला चालती."

"अन् त्यो मूळपुरुष कुठनं आला?"

इथं तिनं खरं सांगितलं, तेच नडलं. पहिला विषाणू कुठून आला यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. कुणी म्हणतं पेशीतून निसटलेला तुकडा. कुणी म्हणतं एकेकाळचा धडधाकट जीव, दुसऱ्याच्या घरी आयतं खाऊन खाऊन स्वतःचं सगळं घालवून बसलेला.

"घ्या! त्यांचं त्यास्नी ठावं न्हाय, अन् ही निघाली सुई घिऊन!" तात्या खो खो हसले. नवराही हसला. प्रगती दातओठ खात शेजारच्या गोठ्यात गेली.

पंधरा दिवसांत चांदीच्या अंगावर गाठी उठल्या. पाय सुजले, वैरण सुटली. डॉक्टर झाले, सलाईन झालं. आठव्या दिवशी गाय गेली. जेसीबीनं खड्डा काढला. तात्या काठावर बसून लेकरासारखे रडले, पण प्रगतीला त्यांची कीव येईना.

"तात्या, आपला मूळपुरुष कुठल्या मुलखातनं आला, ठावं हाय?"

"न्हाय."

"तरी भावकीतलं कुणी मेलं की दहा दिवस सुतक धरता न्हवं? तवा कोण इचारतं मूळपुरुष कुठला? मग माझ्याच वक्ताला बरा आठवला वो तुमाला!"

खड्ड्याभोवतीची माणसं खाली बघू लागली. तात्या उठले आणि तिथूनच त्यांनी कळंबला लेकीला फोन लावला. चांदीची कालवड गेल्या वर्षी तिलाच दिली होती.

"कालवडीला आजच्या आज टोचून घे," तात्या म्हणाले. पलीकडून लेक काहीतरी कुरकुरली. तसे ते भडकलेच. "व्हय, शेळीचीच! भावकी हाय त्यांची, कळंना व्हय तुला?"

प्रगतीनं ते ऐकलं अन् "गाय गेल्यावर शहाणपण!" असं पुटपुटत घरी येऊन चांदीचा रिकामा खुंटा उपटून टाकला.