अस्तर पाहिल्याशिवाय नाव नाही

आतून पाहिल्याशिवाय कशालाही नाव द्यायचं नाही, या व्रतापायी मैलापूरचे मामा भरल्या ताटावरून उपाशी उठलेले मी पाहिले आहेत. मामा म्हणजे चेन्नईतल्या, पेरुंगुडीच्या ऑफिसातल्या माझ्या मित्राचे मामा. तंजावरकडचे मराठी, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. हॉटेलात बोंडा आला की ते चमच्याने फोडून भिंगाखाली धरत, तोवर चटणीसुद्धा वाळून जाई आणि वाढपी माझ्याकडे दयेने बघे.

त्यांचा जन्माचा छंद म्हणजे छातीतल्या जन्मजात गाठी. गर्भात श्वासनलिका आणि अन्ननलिका एकाच नळीतून फुटतात. त्या गडबडीत एखादा तुकडा वाटेत मागे राहतो आणि त्याची पाणी भरलेली पिशवी होते. अशा गाठींच्या काचपट्ट्या मामांनी बुटांच्या तीन खोक्यांत लावल्या होत्या: श्वासाच्या, अन्नाच्या आणि पाठीच्या कण्याशी नातं सांगणाऱ्या. दोन हजार चार साली मला वाटे, जगातली कुठलीही अडचण मी संगणकात घातली की संपली. मी त्यांना प्रोग्रॅम करून दिला. त्याचा पहिलाच प्रश्न होता, गाठ कुठे सापडली? अन्ननलिकेजवळ म्हटलं की तो अन्नाच्या खोक्यात टाकी. मामांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "प्रोग्रॅम बरा आहे. गाठी असक्या चुकल्या." असक्या म्हणजे सगळ्या. मी आठवडाभर रुसून होतो.

मग कंपनीच्या तपासणीत माझ्याच छातीत, अन्ननलिकेला खेटून, एक गाठ निघाली. मी मृत्युपत्र लिहिलं. त्यात प्रेशर कुकर कुणाला द्यायचा यावरच दोन पानं गेली. मामांकडे धावलो. ही साधीच आहे, एवढं त्यांनी म्हणावं, बस. त्यांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "काढल्यावर पाहूं. तोवर उगे रहा." एवढा कोरडा माणूस मी पाहिला नव्हता, असं मी मित्राला रागाने सांगितलं.

ऑपरेशन झालं. काचपट्टी तयार झाल्यावर मामा सूक्ष्मदर्शकापाशी बसले, मी समोर. पट्टी पुढे-मागे सरकवून ते म्हणाले, "श्वासाची आहे. अस्तरामागं कूर्चा दिसते, अन्ननलिकेंत ती नसते. वाईट कांहीं नाही." मग त्यांनी चष्मा पुसायला काढला, आणि हात इतके थरथरत होते की तो मलाच पुसावा लागला. मला फार लाज वाटली. माझा प्रोग्रॅम माझ्याच छातीत चुकला होता, आणि मी माणूसही तसाच ओळखला होता.

अन्ननलिकेजवळ राहून ही श्वासाची कशी, मी विचारलं.

"राहते कुठं तें पाहूं नक्को, अप्पा. आम्ही तीनशे वर्षं तमिळ मुलखांत आहों. अस्तर पाहा."

मामा गेले. ती खोकी आता माझ्याकडे आहेत, श्वासाच्या खोक्यात पहिली काचपट्टी माझी. कधीतरी मी तो जुना प्रोग्रॅम उघडतो. तो विचारतो, कुठे सापडली? मी 'मैलापुरात, मामांकडे' असं टाइप करतो. चुकीचं उत्तर म्हणून तो पुन्हा तेच विचारतो, आणि मी पुन्हा तेच लिहितो.